लपवलेल्या भयाचा अभिनय

(हौशी रंगकर्मींच्या अभिनय शिबिरातील व्याख्यानाचे शब्दांकन)



‘युद्धनाट्यातील अभिनय’ हा विषय शिबिराच्या संयोजकांनी मला दिला, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा तलवारबाजी, रणगर्जना आणि वीरमरणाचे प्रवेश असावेत. तसे असेल तर मी त्यांची थोडी निराशा करणार आहे. मला आज तुमच्याशी बोलायचे आहे ते मिरपूड नसलेल्या सुपाविषयी, टेबलावर राहून गेलेल्या एका पाइपविषयी आणि बोटातून काढून ठेवलेल्या एका अंगठीविषयी.

एकांकिका स्पर्धांच्या परीक्षणाच्या निमित्ताने दरवर्षी दोन-तीन तरी युद्धनाट्ये माझ्या पाहण्यात येतात. लाल प्रकाश, धुराचे लोट, ध्वनिफितीवरचे स्फोट, घडी न मोडलेले गणवेश आणि छातीत गोळी लागल्यावर पुढे येऊन दीड पानाचे भाषण करणारा जवान. भाषण संपते, टाळ्यांचा कडकडाट होतो. त्या टाळीविषयी माझी तक्रार नाही. सैनिकाविषयी समाजाच्या मनात जो आदर आहे, त्याची ती पावती असते. मात्र ही पावती नटाच्या नावावर जमा होते आणि काम सैनिकाने केलेले असते! प्रेक्षागृहाच्या सातव्या रांगेत एखादे निवृत्त सुभेदार बसलेले असतील, एखादी वीरपत्नी बसलेली असेल, तर त्यांना त्या ओरडण्यात आपले माणूस ओळखू येत असेल काय? मला वाटते, युद्धनाट्यात काम करणाऱ्या प्रत्येक नटाने हा प्रश्न तालमीच्या पहिल्या दिवशी स्वतःला विचारावा.

भरतमुनींनी युद्ध, राज्यभ्रंश, मरण आणि नगराचा वेढा या गोष्टी रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या प्रवेशकातून सूचित कराव्यात, असा संकेत घालून दिला. तो सोवळेपणातून आलेला नियम आहे, असे समजण्याचे कारण नाही. रंगमंचावरची तलवार लाकडी असते हे प्रेक्षक जाणतो. तिच्या घावाने तो फार हलत नाही. तो हलतो ते घाव बसलेल्या माणसाकडे पाहून. भासाने ‘ऊरुभंगा’त हा नियम मोडला असे म्हणतात, कारण दुर्योधनाचा अंत तेथे प्रेक्षकांसमोर होतो. पण भासाने मोडला तो नियमाचा अर्धाच भाग. भीम आणि दुर्योधन यांचे गदायुद्ध त्यानेही वर्णनातूनच सांगितले आहे. रंगमंचावर येतो तो मांड्या मोडलेला दुर्योधन, आणि त्याला शोधत दमून आलेला त्याचा लहानगा मुलगा दुर्जय. मुलाला रोजच्यासारखे पित्याच्या मांडीवर बसायचे आहे. ती मांडीच आता उरलेली नाही, हे पित्याला ठाऊक आहे आणि मुलाला नाही. दुर्योधन त्याला अडवतो. साऱ्या महाभारतातला द्वेष बाजूला सारून प्रेक्षक त्या क्षणी एका बापाकडे पाहत राहतो. त्रिवेंद्रमहून गणपतिशास्त्रींनी १९१२ पासून भासाची ही नाटके प्रसिद्ध केली, तेव्हा युरोप महायुद्धापासून अवघा दोन वर्षे दूर होता.

त्याच नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भावांची गणना आहे. त्यांपैकी एका भावाकडे आपले नट फारसे लक्ष देत नाहीत. त्याचे नाव अवहित्थ. अवहित्थ म्हणजे मनातला भाव चेहऱ्यावर उमटू न देणे, आकार झाकणे. तो कशातून उत्पन्न होतो? लज्जा, भय, पराजय, दुसऱ्याविषयीचा आदर, कपट यांतून. आणि नटाने तो दाखवावा कसा? भलत्याच विषयावर बोलून, नजर दुसरीकडे वळवून, बोलणे मध्येच तोडून आणि उसने धैर्य आणून. युद्धकाळातील माणसांचे नाटक करणाऱ्या नटाला यापेक्षा नेमकी सूचना मी तरी कोठे वाचलेली नाही. आणि ही सूचना अक्षरशः अमलात आणणारे नाटक ज्याने लिहिले, तो लंडनजवळ राहणारा विमा कंपनीतला एक कारकून होता.

त्याचे नाव आर. सी. शेरिफ. पहिल्या महायुद्धात तो ईस्ट सरे रेजिमेंटच्या नवव्या पलटणीत अधिकारी होता आणि १९१७ साली पॅशेंडेलच्या लढाईत जखमी झाला. युद्धानंतर त्याने पुन्हा विमा कंपनीची नोकरी धरली आणि आपल्या रोइंग क्लबच्या मदतीसाठी हौशी नाटके लिहू लागला. म्हणजे तुमच्या-आमच्यातलाच! त्याचे ‘जर्नीज एंड’ हे नाटक व्यावसायिक निर्माते घ्यायला तयार नव्हते, कारण त्यात एकही स्त्री पात्र नव्हते. पुढे १९६८ साली त्याने आत्मचरित्राला नाव दिले तेही ‘नो लीडिंग लेडी’. ९ डिसेंबर १९२८ रोजी लंडनच्या अपोलो थिएटरात स्टेज सोसायटीने या नाटकाचा प्रयोग केला. नायक स्टॅनहोपच्या भूमिकेत होता एकवीस वर्षांचा लॉरेन्स ऑलिव्हिए. असे दोनच प्रयोग झाले. जानेवारी १९२९ मध्ये सॅव्हॉय थिएटरात नाटक व्यावसायिक रंगभूमीवर आले, तोपर्यंत ऑलिव्हिए दुसऱ्या नाटकाकडे गेला होता आणि स्टॅनहोप कॉलिन क्लाइव्हकडे आला. पुढे लंडनमध्ये त्याचे सुमारे सहाशे प्रयोग झाले.

नाटकाची जागा एकच. फ्रान्समध्ये सेंट क्वेंटिन शहरासमोर ब्रिटिश खंदकांत जमिनीखाली खणलेली अधिकाऱ्यांची कोठडी, म्हणजे डगआउट. काळ १८ मार्च १९१८ च्या संध्याकाळपासून २१ मार्चच्या पहाटेपर्यंत. १९२९ सालच्या लंडनच्या प्रेक्षकाला २१ मार्च ही तारीख कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्या पहाटे जर्मनांनी सहा हजारांहून अधिक तोफांचा मारा करून मोठी चढाई सुरू केली आणि एका दिवसात ब्रिटिशांचे ३८,००० हून अधिक सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. पात्रांना हल्ला येणार एवढे माहीत आहे, प्रेक्षकाला त्याचा परिणामही माहीत आहे. मग तीन अंक पात्रे काय करतात? जेवतात. झोपतात. पत्रे लिहितात. पायमोजा मेणबत्तीवर धरून वाळवतात. नाटक सुरू होते तेच या पायमोजाने.

पहिल्या अंकातील जेवणाचा प्रवेश पाहा. स्वयंपाकी मेसन सूप आणतो आणि मिरपूड आणायची राहून गेली म्हणून दिलगिरी व्यक्त करतो. त्यावर चर्चा होते. अननस म्हणून आणलेल्या डब्यात निघाले जर्दाळू, त्यावरही चर्चा होते. ट्रॉटर नावाचा जाडजूड, सामान्य घरातून वर आलेला अधिकारी कागदावर १४४ लहान वर्तुळे काढतो. सहा दिवस या मोर्चावर राहायचे आहे, तासागणिक एक वर्तुळ काळे करायचे. प्रेक्षक हसतात. हसावेच. पण ट्रॉटरचे काम करणारा नट जर विनोदी पात्र म्हणून हा कागद नाचवू लागला, तर नाटक तेथेच संपले. ट्रॉटरला वर्तुळे काढण्यात खरा रस आहे. एखादा गृहस्थ महिन्याचा हिशेब मांडतो, तशा शांतपणे तो आपल्या आयुष्याचे तास मांडतो. भलत्याच विषयावर बोलणे, असे भरतमुनी म्हणतात ते हेच. पुढे कधीतरी स्टॅनहोप त्याला म्हणतो की तू बुवा नेहमी एकसारखा असतोस, तुला काही होत नाही. तेव्हा ट्रॉटरच्या तोंडी एक अर्धवट वाक्य आहे, तुला काय ठाऊक अशा अर्थाचे. संपूर्ण नाटकात झाकण उघडते ते एवढेच, बोटभर. चांगला नट त्या वाक्यावर थांबत नाही, ते ओझरते टाकून पुढे जातो. प्रेक्षक मात्र तेथेच थांबतो.

आता नात्यांकडे येऊ. स्टॅनहोप या तुकडीचा प्रमुख. वय अवघे एकवीसच्या आसपास, तीन वर्षे आघाडीवर काढलेला, शौर्यपदक मिळवलेला आणि दारूशिवाय एक संध्याकाळ न काढू शकणारा. ऑस्बर्न त्याचा दुय्यम, वयाने त्याच्या दुप्पट, शाळामास्तर. सारे त्याला ‘अंकल’ म्हणतात. आणि नव्याने दाखल झालेला रॅले, शाळेत स्टॅनहोपच्या मागे तीन वर्षे असलेला, त्याला देवासारखा मानणारा पोरगा. स्टॅनहोप ज्या मुलीशी विवाह करू इच्छितो, ती रॅलेची बहीण. आता ही गुंतागुंत नटांनी कशी दाखवायची? आपल्या जुन्या पद्धतीने स्टॅनहोपला एक स्वगत दिले असते. शेरिफ त्याला देतो एक दीर्घ शांतता. स्टॅनहोप पायऱ्या उतरून येतो, बोलतो, आणि कोपऱ्यात उभ्या रॅलेवर त्याची नजर पडते. तो नुसता पाहत राहतो. रॅलेच्या चेहऱ्यावर हसू, आणि त्या हसण्याला उत्तर नाही. या क्षणी स्टॅनहोपला दिसते ते हे की, त्याने घरच्यांसाठी राखून ठेवलेली आपली प्रतिमा आता साक्षीदारासमोर उघडी पडणार. ज्या नटाला एवढे सारे केवळ न हसण्यातून सांगता येत नाही, त्याने स्टॅनहोप करू नये.

आणि ऑस्बर्न-स्टॅनहोप हे नाते? वयाने मोठा दुय्यम आणि वयाने लहान वरिष्ठ. हुकूम तरुणाचा चालतो, आधार वडीलधाऱ्याचा. त्या रात्री अतिशय प्यालेल्या स्टॅनहोपला ऑस्बर्न झोपवतो, पांघरूण नीट करतो आणि मग स्वतःच्या घड्याळाला किल्ली देतो. लेखकाने येथे जेवढे लिहिले आहे त्याहून काडीभरही अधिक नटाने करू नये. पांघरुणावरून हात फिरवला, केस कुरवाळले, की प्रवेश गोडमिट्ट होतो. पांघरूण सरळ करणे हे काम आहे, माया त्या कामाच्या पोटात आहे. आपल्या घरांतील आजोबा-काका प्रेम असेच व्यक्त करत आले आहेत. ‘जेवलास का’ यापलीकडे त्यांचे शब्द जात नाहीत. त्यामुळे मराठी नटाला हा प्रवेश परका वाटण्याचे कारण नाही.

दुसऱ्या अंकात पत्राचा प्रवेश आहे. अधिकाऱ्यांची पत्रे तुकडीप्रमुखाने तपासावीत असा नियम नसतानाही, रॅले बहिणीला आपल्याविषयी काय लिहितो या भयाने स्टॅनहोप त्याचे पत्र हिसकावून घेतो. रॅले त्याला शाळेतल्या नावाने, डेनिस म्हणून हाक मारतो. तो अंगावर येतो, मला स्टॅनहोप म्हणायचे. मग रॅले गेल्यावर ऑस्बर्न ते पत्र मोठ्याने वाचतो. त्यात असते निव्वळ कौतुक. स्टॅनहोप किती थकतो, तरी सर्वांना कसा धीर देतो, आणि आपण त्याचे मित्र आहोत याचा अभिमान.

या प्रवेशात बोलतो ऑस्बर्न, पण प्रवेश आहे स्टॅनहोपचा. ऐकणे हाही अभिनय आहे, किंबहुना तोच कठीण अभिनय आहे, हे मी प्रत्येक शिबिरात सांगतो आणि प्रत्येक शिबिरात नट मान डोलावतात. तालमीला मात्र दुसऱ्याचे वाक्य संपण्याची वाट पाहत उभे राहतात. येथे स्टॅनहोपला लाजेने रडू कोसळावे, असे अनेकांना वाटेल. पण त्याने पाकीट चिकटवायला संमती द्यायची आणि प्रकाशातून उठून अंधाराकडे जायचे, एवढेच. आणि ऑस्बर्नने? त्याने पत्र निवेदकासारखे रंगवून वाचू नये. मित्राची शोभा होते आहे हे त्याला कळते आहे, म्हणून त्याचा आवाज सपाट हवा. भरतमुनींनी अवहित्थाच्या कारणांत आदर का घातला, याचे उत्तर या सपाट आवाजात मिळते.

तिसऱ्या अंकाच्या प्रारंभी जे घडते, ते माझ्या मते युद्धनाट्यातील सर्वांत अवघड काही मिनिटे आहेत. शत्रूच्या खंदकावर दिवसाउजेडी छापा घालून एक तरी कैदी पकडून आणायचा हुकूम आला आहे. ऑस्बर्न आणि रॅले यांनी दहा माणसे घेऊन जायचे आहे. परत येण्याची शक्यता किती, हे ऑस्बर्न जाणतो, आणि रॅलेलाही ते उमजू लागले आहे. निघायला थोडी मिनिटे उरली आहेत. ती कशी घालवायची? दोघे ठरवतात की छाप्याविषयी बोलायचे नाही. कॉफी पितात. लुईस कॅरॉलच्या वॉलरसच्या वेड्यावाकड्या कवितेची उजळणी होते. मग इंग्लंडातल्या न्यू फॉरेस्टच्या गप्पा निघतात, तेथील झाडांच्या, तेथे फिरायला जाण्याच्या. संवादांत एकही शब्द भयाचा नाही.

हा प्रवेश कसा करायचा? दोन चुकीच्या वाटा आहेत. एक, प्रत्येक वाक्याखाली भय दाखवत राहणे: थरथरता कप, घड्याळाकडे वारंवार नजर, कोरडा घसा. दुसरी, खरोखरच गप्पा रंगवणे आणि युद्ध विसरून जाणे. खरी वाट यांच्यामधून जाते. गप्पांत रमण्याचा प्रयत्न खरा हवा. माणूस बुडताना काठावरची फांदी पकडतो ती दाखवण्यासाठी पकडत नाही. ऑस्बर्नला त्या जंगलाची आठवण सच्चेपणाने हवी आहे, कारण त्या पोराला पुढची काही मिनिटे तरी जंगलात ठेवायचे आहे. म्हणजे अभिनयाचा हेतू ‘मला भीती वाटत नाही’ हे दाखवणे हा नाही. ‘याला भीती वाटू नये’ हा हेतू आहे. हेतू स्वतःकडून दुसऱ्याकडे वळला की नटाचा चेहरा आपोआप बदलतो. तालमीत करून पाहा.

आणि मग अंगठी. ऑस्बर्नने घड्याळ, पत्र आणि विवाहाची अंगठी मागे ठेवली आहे. काही झालेच तर पत्नीला पाठवावे म्हणून. निघताना रॅलेला टेबलावर अंगठी दिसते. तुमची अंगठी राहिली, असे तो भाबडेपणाने सुचवतो. ऑस्बर्न सांगतो की हरवण्याचा धोका नको म्हणून ठेवली आहे. रॅले अंगठी हळूच परत ठेवतो. एवढेच. अठरा वर्षांचा मुलगा त्या एका हालचालीत मोठा होतो. ही हालचाल किती हळू करायची, यावर एक अख्खी तालीम खर्च झाली तरी मी दिग्दर्शकाला दोष देणार नाही. ऑस्बर्न आपला पेटलेला पाइप खाली ठेवतो, इतका छान पेटला असताना सोडून जायचे जिवावर येते असे काहीसे पुटपुटतो, आणि दोघे पायऱ्या चढून जातात.

रंगमंच रिकामा राहतो. वर मशीनगन, बाँब, ओरडणे. खाली टेबल, पाइप, अंगठी. ज्यांना नेपथ्य म्हणजे सजावट वाटते त्यांनी या क्षणाचा विचार करावा. त्या वस्तूंत आता माणूस आहे. कारण आधीच्या दोन अंकांत नटाने तो पाइप रोज भरला आहे, विझवला आहे, झटकला आहे. तुम्ही पहिल्या अंकात वस्तूशी नाते जोडले नसेल, तर तिसऱ्या अंकात ती वस्तू तुमच्यासाठी बोलणार नाही.

रॅले एकटा परततो, हात रक्ताळलेले, सुन्न. बसतो तो नेमका ऑस्बर्नच्या पलंगावर. स्टॅनहोप त्याला एवढेच विचारतो की तुला तेथेच बसणे भाग आहे का? किती क्रूर वाटते! आणि त्या क्रूरतेच्या आत केवढा विलाप आहे! पुढे पहाटेच्या हल्ल्यात रॅलेचा कणा मोडतो, सार्जंट मेजर त्याला उचलून आणतो आणि त्याला निजवले जाते ते ऑस्बर्नच्याच पलंगावर. तेथे स्टॅनहोप त्याला प्रथमच जिमी म्हणतो. ‘स्टॅनहोप म्हणायचे’ असे खडसावणाऱ्याने म्हटलेले ते घरगुती नाव. नात्याचा सारा प्रवास दोन संबोधनांत आहे. रॅलेला थंडी वाजते, अंधार वाटतो. स्टॅनहोप पांघरूण आणतो, मेणबत्ती जवळ आणतो. ऑस्बर्नने त्याच्यासाठी जे केले होते, तेच आता तो रॅलेसाठी करतो. मग वर बोलावणे येते आणि तो जातो. बाहेर तोफगोळा पडतो, कोठडी ढासळते, मेणबत्ती विझते.

या नाटकाच्या मूळ नटसंचाविषयी थोडे सांगितले पाहिजे. दिग्दर्शक जेम्स व्हेल स्वतः युद्धात लढलेला, १९१७ साली जर्मनांचा कैदी झालेला. कैद्यांच्या छावणीतच त्याला नाटकाची गोडी लागली. ऑस्बर्नचे काम करणारा जॉर्ज झुको युद्धात हाताला जखम होऊन परतला होता. कर्नलच्या भूमिकेतला एच. जी. स्टोकर हा तर १९१५ साली दार्दानेल्सची सामुद्रधुनी पार करणाऱ्या पाणबुडीचा कप्तान होता आणि नंतर तुर्कांच्या कैदेत राहिला होता. या मंडळींना सैनिकाची चाल, शिरस्त्राण काढून ठेवण्याची रीत, थकव्याने जडावलेले बसणे शिकवावे लागले नाही. तुम्हाला शिकावे लागेल. कवायत शिका, जड बूट घालून पंधरा दिवस वावरा, एखाद्या निवृत्त जवानाशी बोला. आणि बोलताना त्याला ‘तुम्हाला भीती वाटली होती का’ असे विचारू नका. जेवण काय असायचे, पाणी कोठून यायचे, पत्र किती दिवसांनी पोहोचायचे, हे विचारा. बाकीचे तो आपसूक सांगेल, किंवा सांगणार नाही. आणि कोठे थांबला तेही तुमच्या उपयोगाचे असेल.

आता एक आक्षेप. भ्यालेला आणि मद्यपी सैनिक दाखवणे हा सैन्याचा अवमान नाही काय? असा आक्षेप इंग्लंडातही घेतला गेला होता. शेरिफने युद्धविरोधी नाटक लिहिण्याचा हेतू कधीच मान्य केला नाही. आपल्या सोबत्यांविषयी त्याला आदर होता. नाटकातच याचे उत्तर आहे. हिबर्ट नावाचा अधिकारी डोकेदुखीचे निमित्त करून मागे पळू पाहतो. स्टॅनहोप त्याच्यावर पिस्तूल रोखतो. हिबर्ट हलत नाही, तेव्हा पिस्तूल खाली येते आणि स्टॅनहोप सांगतो की, मलाही अगदी असेच वाटते. मग दोघे मिळून पहाऱ्यावर जायचे ठरते. भय नसलेल्याच्या अंगी धैर्य दिसणार तरी कसे? भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात त्या काळच्या सर्वश्रेष्ठ धनुर्धराचे गात्र गळते, तोंड कोरडे पडते, अंगावर काटा येतो, हातातून गांडीव निसटते. वेपथू, रोमांच हे सात्त्विक भाव तेथे एकापाठोपाठ एक मांडलेले आहेत. व्यासांना अर्जुनाचे ते रूप दाखवण्यात संकोच वाटला नाही. आपल्यालाही वाटू नये. अर्जुनाजवळ बोलायला श्रीकृष्ण होता. स्टॅनहोपजवळ ऑस्बर्न आहे, आणि तो गेल्यावर कोणीच नाही.

याच शतकातील दुसरे एक उदाहरण थोडक्यात सांगतो. ११ जानेवारी १९४९ रोजी भग्न बर्लिनमध्ये ब्रेख्तच्या ‘मदर करेज’चा प्रयोग झाला. मुख्य भूमिका हेलेन व्हायगेलची. तीस वर्षांच्या युद्धात गाडीवर माल विकत फिरणारी ही बाई. मुलाला सोडवण्याच्या लाचेवर ती घासाघीस करत राहते आणि त्याला गोळी घातल्याचा आवाज ऐकू येतो. व्हायगेलने डोके मागे टाकून तोंड पूर्ण उघडले. आवाज मात्र काढला नाही. निःशब्द किंकाळी. ब्रेख्तने आपल्या टिपणांत नोंदवले आहे की, ही मुद्रा बहुधा एका वृत्तपत्रीय छायाचित्रावरून आलेली असावी. सिंगापूरवरील माऱ्यात मारल्या गेलेल्या मुलाच्या देहापाशी बसलेल्या एका भारतीय स्त्रीचे ते छायाचित्र. युरोपीय रंगभूमीवरील त्या विख्यात क्षणामागे आपली एक अनाम माता आहे, हे आपल्या नटांना ठाऊक असावे. त्याच नाटकाच्या शेवटी मुलीच्या दफनासाठी पैसे देताना व्हायगेल थैलीतून नाणी काढत असे आणि त्यांतले एक पुन्हा थैलीत टाकत असे. दुःख खरे आणि हिशेबही खरा. एका नाण्यात अख्खी व्यक्तिरेखा!

आपल्या रंगभूमीलाही हे वळण परके नाही. लंडनमध्ये ‘जर्नीज एंड’ गाजत होते त्यानंतर चारच वर्षांनी, १९३३ साली, ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणून घरातल्यासारखे बोलणारे नट मराठी प्रेक्षकांपुढे उभे केले. युद्धाचा विषय मात्र आपण बहुतांशी ऐतिहासिक नाटकाच्या पल्लेदार संवादांवर सोपवला. त्या संवादांवर माझेही प्रेम आहे. पण डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातील कूट-अल-अमाराच्या वेढ्यात सहावी पुणे डिव्हिजन अडकली होती, तिच्यात मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आले, तेव्हा घोड्याचे मांस खायचे की नाही, हा प्रश्न हिंदी जवानांपुढे उभा राहिला आणि अनेकांनी कित्येक आठवडे ते नाकारले. उपाशी माणसे, समोर ताटली, आणि घरी, गावी, जातीत काय म्हणतील हा विचार. तोफेचा एकही आवाज नसला तरी चालेल असा हा प्रवेश आहे. तुमच्यात कोणी लेखक असेल तर त्याने तो मनावर घ्यावा.

२००४ साली लंडनमध्ये आणि २००७ साली न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड ग्रिंडली याने ‘जर्नीज एंड’ पुन्हा रंगभूमीवर आणले. शेवटी अंधारात तोफांचा दीर्घ भडिमार, आणि पडदा उघडल्यावर हुतात्म्यांच्या नावांनी भरलेली भिंत. तिच्यासमोर सारे नट गणवेशात स्तब्ध उभे. हसणे नाही, वाकून अभिवादन नाही.

चहानंतर आपण एक प्रवेश उभा करणार आहोत. दोघेजण पुढे या. वेळ पहाटे चारची, उणे तापमानातली चौकी. स्टोव्हवर चहा उकळतो आहे. एकाच्या खिशात घरचे पत्र आहे, दुसऱ्याला दोन महिन्यांत पत्र आलेले नाही. थोड्या वेळाने दोघांपैकी एकालाच गस्तीवर जायचे आहे, आणि कोण जाणार हे दोघांनाही माहीत आहे. पाच मिनिटे. पत्र आणि गस्त हे दोन शब्द उच्चारायचे नाहीत.